काटेरी करडी, मऊ कातडी

करडीची काढणी उन्हं चढायच्या आत उरकावी लागते. परभणीहून गंगाखेडला जाताना पोखर्णी लागतं. तिथल्यासारख्या काळ्या, भारी जमिनीत मराठवाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या हे पीक घेतलं. पानांच्या कडांना काटे, बोंडांभोवती काटे. रात्रीच्या दवानं ते नरमतात, म्हणून माणसं झुंजुमुंजू असतानाच शेतात उतरतात. हाताला जुन्या लुगड्याचे पटके गुंडाळतात, बेचक्यानं झाड दाबून धरतात आणि विळा चालवतात. ऊन तापलं की काटे पुन्हा ताठ होतात, कापडातून बोटात शिरतात आणि काम थांबतं. ज्वारीच्या कडेनं करडीचे तास घालतात तेही याच काट्यांच्या भरवशावर. ढोरं तिथून आत शिरायला धजत नाहीत.

व्यायाम, त्वचेची निगा आणि स्वतःसाठी काढलेला वेळ यांचा मेळ कसा घालावा, यावर हल्ली पुष्कळ सल्ले मिळतात. सकाळी चटईवर योगासनं, मग सीरम, मग आठवड्यातून एकदा स्वतःचे लाड. मला मात्र या विषयाची सुरुवात करडीच्या बीपासून करावीशी वाटते. माणसाच्या कातडीची जी सगळ्यात मोठी गरज आहे, ती या काटेरी झाडाच्या बीत ठासून भरलेली आहे.

आधी झाडाचीच करामत बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या करडीला पुढं पाऊस मिळाला तर मिळाला. तिचं सोटमूळ दोन मीटरांपर्यंत, कधी त्याहून खोल उतरतं आणि काळ्या मातीनं धरून ठेवलेली पावसाळ्यातली ओल पीत राहतं. ज्वारीनं मान टाकली तरी करडी हिरवी असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ सालची. तिथल्या संशोधकांनी ‘परभणी कुसुम’ नावाचा वाण दिला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर बिनकाट्यांचे वाणही काढले. तरीही महाराष्ट्रात करडीचं क्षेत्र गेल्या काही दशकांत फार आक्रसलं. काटे, मजुरी, भाव आणि सोयाबीन-हरभऱ्याची जोडी, सगळंच तिच्या विरोधात गेलं.

तिच्या फुलांची गंमत आणखी वेगळी. पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर आणि लाल रंग अगदी कणभर असतो. जपानी लोक तो कणभर लाल रंग वेगळा काढतात आणि त्याचं ओठांना लावायचं ‘बेनी’ बनवतात. चिनी मातीच्या वाटीत आतून लेप देऊन वाळवलं की ते चक्क हिरवं, धातूची झाक असलेलं दिसतं. ओला कुंचला फिरवला की पुन्हा लाल. आपल्याकडे ज्या झाडाची कोवळी पानं भाजीला खुडतात आणि ज्याच्या बियांचं तेल फोडणीला घेतात, त्याच झाडावर जपानी बायकांनी शतकानुशतकं ओठ रंगवले.

पण खरं नवल बीमध्ये आहे.

१९२९ साली अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पतिपत्नींनी उंदरांना अशा आहारावर ठेवलं, की ज्यात बाकी सगळं होतं, फक्त स्निग्ध पदार्थ नव्हते. त्या काळी समजूत अशी की तेल-तूप म्हणजे नुसतं इंधन. ते शरीर साखरेपासूनही बनवून घेतं. काही महिन्यांत उंदरांच्या शेपट्या खवल्याखवल्यांच्या झाल्या, पायांची कातडी सोलवटली, वाढ खुंटली. एक गोष्ट मात्र कोड्यात टाकणारी होती. उंदीर पाणी जास्त पीत होते, पण त्या मानानं लघवी वाढली नव्हती. मग पाणी जात होतं कुठं? ते कातडीतून उडून जात होतं. आहारात थोडं तेल घातल्यावर उंदीर सुधारले. पुढच्याच वर्षी या दोघांनी त्या तेलातलं कळीचं द्रव्य नावानिशी सांगितलं: लिनोलिक आम्ल. ते आपल्या शरीराला बनवताच येत नाही. वनस्पतींना येतं. नेहमीच्या खाद्यतेलांत ते सर्वांत जास्त असणारं तेल म्हणजे पारंपरिक करडीचं. त्यातल्या मेदाम्लांचा जवळपास तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचाच असतो.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. त्यात मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर, आणि पदरांच्या मधे मेदाचे थरावर थर. पाणी अडवतो तो हा मेद. त्यातला एक खास लांबच लांब रेणू या थरांना एकमेकांशी बांधून ठेवतो, आणि त्याच्या टोकाला लिनोलिक आम्ल जोडलेलं लागतं. ते मिळालं नाही तर शरीर त्या जागी ऑलिक आम्ल बसवून वेळ मारून नेतं. पण मग थर नीट बसत नाहीत आणि पाणी झिरपतं. बर दांपत्याच्या उंदरांना तहान लागत होती ती यामुळं.

पोखर्णीला नृसिंहाचं देऊळ आहे. हिरण्यकशिपूला घरात मरण नव्हतं आणि बाहेरही नव्हतं, म्हणून नृसिंहानं त्याला उंबरठ्यावर गाठलं. कातडीचा हा वरचा थर मला त्या उंबरठ्यासारखा वाटतो. धड आतला नाही, धड बाहेरचा नाही. पेशी मेलेल्या आहेत आणि तरी आपलं जगणं त्यांच्यावर अवलंबून आहे. साधारण चार आठवड्यांत खालून नव्या पेशी वर येतात आणि जुन्या गळून पडतात. आज तुमच्या कोपरावर पाणी राखून बसलेल्या त्या रेणूतलं लिनोलिक आम्ल कदाचित गेल्या हिवाळ्यात एखाद्या करडीच्या बोंडात, त्याआधीच्या पावसाळ्यातल्या ओलीवर तयार झालेलं असेल. कोरड्या रानात पाणी धरून राहिलेल्या झाडानं आपल्याला पाणी धरून ठेवायला शिकवावं, हे मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा विलक्षण वाटतं.

आता इथं कुणी तेलाची बाटली उचलण्याआधी एक हिशेब. रोजच्या उष्मांकांपैकी एक ते दोन टक्के लिनोलिक आम्लातून मिळाले की कातडीची कमतरता भरून निघते. दोन हजार उष्मांकांच्या जेवणात दीड टक्का म्हणजे तीस उष्मांक, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. करडीच्या तेलात मोजलं तर एक छोटा चमचा. पोटभर जेवणाऱ्या कुठल्याही घरात तेवढं फोडणीतच पोटात जातं. दुसरा, तिसरा, चौथा चमचा कातडी उजळवत नाही, कंबर वाढवतो. शिवाय करडीत ओमेगा-३ जवळपास नाही. ती उणीव भरून काढते जवसाची चटणी. म्हणून भाकरीसोबत जवसाची चटणी खाणाऱ्यांना आहारतज्ज्ञांनी नवं काही शिकवायचं फारसं उरलेलं नाही.

तेल बाहेरूनही आत जातं. १९७४ साली आतड्यांतून मेद शोषला न जाणाऱ्या काही रुग्णांच्या हाताला सूर्यफुलाचं तेल चोळलं, आणि त्यांच्या शरीरातली लिनोलिक आम्लाची तूट कातडीवाटेच भरून आली. बांगलादेशात, ढाक्याच्या शिशू रुग्णालयात, फार लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलानं हलकं मालिश केलं तेव्हा त्यांच्यातले जंतुसंसर्ग सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. २००५ साली हे निष्कर्ष छापून आले. त्या बाळांची कातडी अर्धवट तयार झालेली असते आणि जंतू तिथूनच रक्तात शिरतात. तेलानं ती वाट बुजवली. सगळीच तेलं असं करत नाहीत, बरं का. शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ साली प्रौढांच्या कातडीवर ऑलिव्ह तेल लावून पाहिलं, तर थर उलट सैल झाले. ऑलिव्हमध्ये ऑलिक आम्ल जास्त, आणि ऑलिक आम्ल कातडीची बांधणी ढिली करतं. औषधं आत उतरवायला ते मुद्दाम वापरतात, ते याच गुणामुळं. महाग आणि परदेशी तेल म्हणजे चांगलं तेल, या समजुतीला एवढं पुरे आहे.

वैशाखात नृसिंह जयंती येते तोवर परभणीचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. मग कातडीचं दुसरं काम सुरू होतं, ते पहिल्याच्या अगदी उलट. पाणी राखायचं सोडून ती पाणी ओतायला लागते. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत. कष्ट करणाऱ्या स्नायूंमध्ये जेवढी ऊर्जा जळते तिच्यातली जेमतेम चौथाई कामाला येते. बाकी सगळी उष्णता. हवा कातडीपेक्षा तापलेली असली की ती उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. लिटरभर घाम अंगावर पूर्ण वाळला की साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत सात लिटर थंड पाण्याला उकळी आली असती. मात्र घाम वाळला तरच. टपटप खाली गळालेला घाम वाया गेला. मराठवाड्याचं कोरडं ऊन या बाबतीत कोकणातल्या दमटाईपेक्षा उपकारक आहे. धोका असा की घाम दिसतच नाही, पोलक्यावर फक्त मिठाचे पांढरे ओघळ उरतात, आणि किती पाणी गेलं याचा अंदाज चुकतो.

कातडी उन्हाळा शिकतेही. रोज थोडा वेळ उन्हात काम केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर फुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ग्रंथींच्या नळ्या जाता जाता सोडियम परत ओढून घेतात. म्हणून चैत्रातली पहिली तलखी जास्त घातक असते. वैशाखापर्यंत अंग सरावलेलं असतं, चैत्रात नसतं. हेच व्यायामाला लागू आहे. मार्चच्या अखेरीस एकदम दुपारी पळायला निघणारा तरुण आणि पहिल्याच उन्हात रोजंदारीला उभा राहिलेला मजूर, दोघांचंही शरीर त्या शाळेत अजून गेलेलं नसतं. मीठ घातलेलं ताक, आंबील, पन्हं ही या दिवसांतली खरी ‘स्पोर्ट्स ड्रिंक’. फक्त पन्ह्यात साखर ओतू नये.

घामात आणखी एक गुपित आहे. २००१ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांना त्यात डर्मसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन सापडलं. म्हणजे आपण जो घाम घाण म्हणून खरवडून काढतो, तो स्वतः जंतूंशी लढत असतो. कातडी किंचित आंबट असते, तिचा सामू पाचच्या आसपास. साध्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा. दिवसातून तीनदा फेस करून तोंड धुणाऱ्याची कातडी तो आंबटपणा परत मिळवण्यातच दिवस घालवते. काखा, जांघा, पाय यांना साबण हवाच, बाकी अंगाला पाणी पुष्कळ झालं. आणि चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाण्याचा सल्ला जो देईल त्याच्यापासून लांब राहा. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजून काळे डाग उठू शकतात.

घाम गाळण्याचा कातडीला आणखी एक फायदा होतो, आणि तो अलीकडेच कळला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पासष्टी ओलांडलेल्या, बैठ्या सवयीच्या लोकांना आठवड्यातून दोनदा, तीन महिने व्यायाम करायला लावला. मग त्यांच्या नितंबांवरच्या कातडीचे तुकडे तपासले. ऊन कधीच न पाहिलेली कातडी ती, म्हणजे उन्हाचा परिणाम वजा. सूक्ष्मदर्शकाखाली ती कितीतरी तरुण माणसाची वाटली. काम करणारे स्नायू रक्तात जे निरोप सोडतात, त्यांतला एक कातडीच्या पेशींपर्यंत पोचतो, असा अंदाज आहे. माणसं थोडी होती, त्यामुळं यावर फार उड्या मारू नयेत. पण २०२३ साली जपानमध्ये मध्यमवयीन बायकांवर सोळा आठवडे प्रयोग झाला, त्यातही चाल तशीच निघाली. दमसासाचे व्यायाम आणि वजनं उचलणं, दोन्हींमुळं कातडीचा लवचीकपणा सुधारला, आणि वजनांमुळं तिचा आतला थर जाडही झाला.

मग पहाटे करडी कापून, भरदुपारी ती बडवून, घरी येऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईची कातडी सगळ्यात तरुण असायला हवी. नसते. तिला कष्ट पुरेपूर आहेत, ऊनही पुरेपूर आहे. नाही ती त्वचेची निगा आणि स्वतःसाठीचा वेळ. ओणव्यानं तेच ते काम करून कंबर आणि गुडघे झिजतात, ताकद मात्र सगळीकडे सारखी वाढत नाही. शहरातल्या मुलीला हालचाल हवी आहे, हिला सावली आणि झोप. दोघींच्या हातात एकच वेळापत्रक देणारे लेख मला म्हणून पटत नाहीत.

ती डोक्यावरून, गालांवरून ओढून घेते तो पदर मात्र दिसतो त्याहून हुशार आहे. गालांवरच्या वांगाला नुसते अतिनील किरण नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेडही खतपाणी घालतो. पारदर्शक सनस्क्रीन त्या उजेडाला अडवत नाही. लोह ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं, आणि दाट विणीचा सुती पदरही. वांगावर मेडिकलमधून परस्पर आणलेली ‘गोरं करणारी’ मलमं हा खरा घात आहे. त्यांतल्या कितीतरींत स्टेरॉइड असतं. त्यानं चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लालबुंद होते, पुरळ उठतं. २०१८ साली सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानाच्या फळीवर तो नियम किती उतरला, हे कुणीही जाऊन पाहावं.

रात्री कातडीचा तिसरा अवतार. तिच्या पेशींचं विभाजन मध्यरात्रीच्या सुमारास जोर धरतं, आणि त्याच वेळी ती दिवसापेक्षा जास्त पाणी गमावते. थंडीत रात्री अंगाला खाज का सुटते, याचं अर्धं उत्तर इथं आहे. पाय धुऊन, कातडी किंचित ओलसर असताना टाचांना तेल चोळण्याची जुनी सवय म्हणूनच अचूक वेळेला होते. करडीचं तेल घेणार असाल तर घाण्याचं घ्या, आणि बाटलीवर ‘हाय ऑलिक’ लिहिलंय का तेवढं बघा. तसं लिहिलं असेल तर ते तळणीला उत्तम, टाचांसाठी नव्हे. बाटली लहान आणि बूच घट्ट. लिनोलिक आम्लाच्या साखळीत जे दोन दुहेरी बंध आहेत, ते हवेतल्या ऑक्सिजनला झटकन पकडतात आणि तेल खवट होतं. तेच तेल पातळ पसरून ठेवलं तर वाळून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. चित्रकारांच्या काही पांढऱ्या तैलरंगांत म्हणूनच करडीचं तेल घालतात. जवसाच्या तेलापेक्षा ते पिवळं कमी पडतं.