आकडा मोठा, सूर छोटा

आपल्या बँडच्या कपाटात मार्चच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या प्रती आहेत. झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढून त्या इतक्या फिकट झाल्या आहेत की टिंब कोणते आणि डाग कोणता हे कळत नाही. जुन्या प्रती वाचता येतात तोवर त्यातले मार्च वाचवले पाहिजेत. म्हणून बँडमधले आम्ही काही कॅडेट यंदा त्या लिलिपॉन्ड नावाच्या प्रोग्राममध्ये उतरवत आहोत. या कामात सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते प्रत्येक सूर किती वेळ वाजवायचा हे लिहिताना. ते कसे लिहितात, हे येथे सांगतो.

लिलिपॉन्ड हा मोफत प्रोग्राम हान-वेन नीनहाउस आणि यान निउवेनहाउझेन या दोन डच संगीतकारांनी १९९६ मध्ये सुरू केला. यात माउसने पाच रेघांवर एकेक नोट बसवावी लागत नाही. पत्र टाइप करावे तसे टाइप करायचे आणि प्रोग्राम त्यावरून छापील पान तयार करतो. सुरांची नावे लहान रोमन अक्षरांत लिहितात आणि त्याला चिकटून एक आकडा देतात. या पानावर मी ती सी, डी, ई अशी देवनागरीत लिहितो आहे.

आपण मराठी मुले या आकड्यापाशी आधी अडखळतो. वृत्त शिकताना लघु अक्षराची १ मात्रा आणि गुरू अक्षराच्या २ मात्रा असतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीतही सूर लांबवायचा असेल तर त्याच्यापुढे आडव्या रेघा वाढवत जातात. म्हणजे आकडा किंवा चिन्हे जास्त, तर वेळ जास्त. लिलिपॉन्डमध्ये मात्र उलटे आहे. येथे आकडा म्हणजे अपूर्णांकाचा छेद. १ म्हणजे पूर्ण सूर, २ म्हणजे अर्धा, ४ म्हणजे पाव, ८ म्हणजे त्याच्याही निम्मा. मेसमधल्या एका पोळीचे ४ तुकडे केले तर तुकडा मोठा येतो, १६ केले तर छोटा.

आता हे ड्रिल स्क्वेअरवर नेऊन पाहू. तेज चलमध्ये आपण मिनिटाला १२० पावले टाकतो. मार्चमध्ये एक पाव सूर म्हणजे एक पाऊल, म्हणजे अर्धा सेकंद. दोन पाव सुरांचा एक खण धरला तर खणाच्या पहिल्या ठोक्यावर डावा पाय पडतो आणि बेस ड्रमचा मोठा ठोकाही तेथेच येतो.

दुसरा नियम वर्ड ऑफ कमांडसारखा आहे. ‘तेज चल’ एकदाच म्हणतात. ‘थम’ येईपर्यंत आपण चालतच राहतो. तसाच आकडाही पुढचा आकडा येईपर्यंत लागू राहतो. हे उदाहरण पाहा :

सी४ सी८ डी | ई४ सी |

डीपुढे आकडा नाही, म्हणून तो ८ चा. शेवटच्या सीपुढेही नाही, म्हणून तो ४ चा. यामुळे टायपिंग वाचते. पण आकडा बदलायचा राहिला तर घोटाळा होतो. ईपुढचा ४ सुटला, तर ई आणि सी दोन्ही ८ चे होतात. त्या खणात दोनऐवजी एकच पाऊल उरते. तेथून पुढे ट्रंपेट एक पाऊल आधी धावतो आणि त्याचा जोरदार सूर उजव्या पायावर येतो, तर बेस ड्रम डाव्या पायावर वाजत राहतो. परेडमध्ये तीनशे कॅडेटनी कोणाचे ऐकायचे?

यावर उपाय म्हणजे प्रत्येक खणाच्या शेवटी उभी रेघ टाइप करणे. या रेघेपाशी खण पूर्ण भरला नसेल किंवा जास्त भरला असेल, तर प्रोग्राम ओळीचा क्रमांक देऊन इशारा देतो. पान मात्र तरीही तयार होते आणि छानच दिसते. म्हणून आधी इशारे वाचावेत, मग प्रिंट काढावी.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. आकड्यापुढचे टिंब सूर दीडपट करते : ‘सी८. डी१६’ मिळून बरोबर एक पाऊल होते. मार्चची ती झोकदार चाल याच जोडीतून येते. शांत राहायचे असेल तर सुराच्या जागी आर लिहितात. आर४ म्हणजे एक पाऊल शांतता. दोन सुरांच्या वेळात तीन बसवायचे असतील, तर टपलेट ३/२ असे लिहून ते तीन सूर महिरपी कंसात ठेवतात.

हे एकदा नीट टाइप झाले की फाइल झेरॉक्ससारखी फिकट होत नाही. आम्ही पासआउट झाल्यावर येणाऱ्या ज्युनिअरना स्वच्छ प्रत मिळेल आणि बँडमास्टर साहेबांनी सांगितलेला बदल एक आकडा बदलून करता येईल. अजून बऱ्याच प्रती बाकी आहेत. ज्यांना टायपिंग येते त्यांनी बँड रूममध्ये जरूर यावे. वाद्य वाजवता आले नाही तरी चालेल, अपूर्णांकांची बेरीज मात्र यायला हवी!