जोडीदाराची साक्ष

स्मरणशक्ती आणि व्यवहाराची जाण हळूहळू हिरावून नेणाऱ्या अल्झायमर या मेंदूविकाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी अलीकडे आलेली नवी औषधे प्रामुख्याने शिरेतून, म्हणजे लोक ज्याला सलाईन लावणे म्हणतात त्या पद्धतीने, दिली जातात. त्यांपैकी लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेच्या नियामक संस्थेने जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाला चिकटून ते हटवण्यास साहाय्य करणारे हे प्रतिपिंड सुरुवातीला दर पंधरवड्याला सुमारे तासभर दिले जाते.

त्याचा लाभ मात्र बेताचाच आहे. १,७९५ रुग्णांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, म्हणजे १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे व न घेणारे यांच्यात अर्ध्या गुणाहूनही कमी अंतर पडले. सलाईन लागले की माणूस तरतरीत होतो, ही खेड्यापाड्यांत रुजलेली समजूत इथे निराशाच पदरी घालते, कारण गेलेली आठवण परत येत नाही. शिवाय ते गुण रुग्णाच्या आणि त्याला रोज पाहणाऱ्या सोबत्याच्या मुलाखतींवरून दिले जातात. हिशेब चुकतो का, ओळखीची वाट सापडते का, हे सांगणारा जोडीदार नसेल तर वैद्यकाच्या हाती अर्धीच माहिती उरते.

बीड जिल्ह्यात नेमकी ही साक्षच अवघड होते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलगा-सून मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कारखान्यावर गेले की अनेक घरांत पुढचे काही महिने म्हातारा-म्हातारी, आणि कधी नातवंडे, एवढीच माणसे मागे राहतात. बदल पाहणारे डोळे तेव्हा एकाच व्यक्तीचे असतात, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून तीही त्या बदलाकडे दुर्लक्ष करते. देशव्यापी सर्वेक्षणावर आधारलेल्या एका अंदाजानुसार साठीपुढील ग्रामीण व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ८.४ टक्के, तर शहरी व्यक्तींत ५.३ टक्के आहे. हे उपचार केवळ सौम्य टप्प्यातच देता येत असल्याने उशीर झालेल्यांना ते मिळूच शकत नाहीत.

उपचारापूर्वी अमायलॉइडचा पुरावा सहसा पेट स्कॅनने किंवा पाठीच्या कण्यातील द्रवाच्या तपासणीने मिळवावा लागतो आणि नंतरही ठरावीक अंतराने एमआरआय करावा लागतो. अशा सोयी मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने बीडहून छत्रपती संभाजीनगरचे सुमारे १३० किलोमीटर, किंवा त्याहून लांब पुण्याचे अंतर, वर्षभर पुन्हा पुन्हा कापणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. दर पंधरवड्याला बुडणारा रोजगार आणि घरी बांधलेली जनावरे औषधाच्या किमतीत कुणी धरत नाही.

सर्वांत जोखमीची गोष्ट म्हणजे मेंदूला येणारी सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव. वरील चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांत सूज आढळली. बहुतेकांना काहीच जाणवले नाही, तरी डोकेदुखी, वाढलेला गोंधळ, अंधूक नजर किंवा चालताना जाणारा तोल दिसल्यास तत्काळ उपचार-केंद्राला कळवणे आवश्यक असते. ही लक्षणे पक्षाघातासारखी भासू शकतात आणि अशा वेळी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेल्यास प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे उपचाराची नोंद असलेले कार्ड रुग्णाच्या खिशात वा कमरेच्या पिशवीत असावे आणि अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत, आधी जिथे पोहोचता येईल तिथे, जोडीदाराने ते पहिल्यांदा दाखवावे. अक्षरओळख नसली तरी हे जमते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तेही सुरुवातीलाच सांगावे लागते.

एवढे सोसून मिळणारा लाभ लक्षात घेता हा उपचार न घेण्याचा निर्णयही समंजस ठरू शकतो. कोणताही निर्णय झाला तरी रुग्णाला अजून विचार करता येतो तोवर, औषध केव्हा थांबवायचे, सातबारा व बँकेचे व्यवहार कुणी पाहायचे आणि थकलेल्या जोडीदाराला विसावा कुणी द्यायचा, हे मुलगा-सून ऊसतोडीला निघण्यापूर्वी सर्वांसमोर ठरवून लिहून ठेवणे शक्य असते.