बसला वेगळा रस्ता कशासाठी?

डोंगरकडा, कळमनुरी, औंढा या भागातली कितीतरी मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात राहतात. सणाला घरी आली की त्यांची एक तक्रार ठरलेली असते. कॉलेज सात-आठ किलोमीटरवर, पण पोहोचायला तास लागतो. बस वेळेवर येत नाही आणि आली की दोन एकदम येतात. शेवटी गाडी घेऊन देण्याचा विषय निघतो. या तक्रारीवरचा एक उपाय पुण्यानेच देशात सर्वांत आधी करून पाहिला. त्याचे नाव बीआरटी, म्हणजे बसची जलद वाहतूक व्यवस्था.

कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. कल्पना जुनी आहे. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात वास्तुविशारद असलेले महापौर झाइमे लेर्नर यांनी १९७४ साली बससाठी स्वतंत्र रस्ते आखले. भुयारी रेल्वेला पैसा नव्हता, तेव्हा बसच रेल्वेसारखी चालवायची, असा तो विचार होता. कोलंबियाच्या बोगोटा शहराने २००० साली आणि आपल्या शेजारच्या अहमदाबादने २००९ साली हाच मार्ग धरला.

नुसती मार्गिका म्हणजे बीआरटी नव्हे

रस्त्याच्या मधोमध दुभाजक घालून बससाठी जागा राखली की काम झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात बसचा बराच वेळ धावण्यात नव्हे, तर थांबण्यात जातो. साध्या बसला पायऱ्या असतात. प्रत्येक प्रवाशाला चढायला तीन सेकंद लागले, तर वीस जणांना एक मिनिट लागते. बीआरटीत थांब्याचा फलाट आणि बसची फरशी एका उंचीवर असते, दारे रुंद असतात. तेच वीस जण वीस सेकंदांत आत येतात. असे पंधरा थांबे धरले, तर एका फेरीत दहा मिनिटे वाचतात. म्हातारी माणसे, गरोदर बाया, गुडघे दुखणारे यांचे पायऱ्या चढण्याचे कष्ट वाचतात, ते वेगळेच.

थांबे रस्त्याच्या मध्यभागी असतात, म्हणून या बसना उजव्या बाजूलाही दारे लागतात. फुटपाथलगत मार्गिका ठेवली, तर रिक्षा, हातगाड्या आणि उभ्या मोटारी ती अडवतात. मध्यभागी तो त्रास कमी असतो.

दोन बस एकदम का येतात?

यात चालकाची चूक असतेच असे नाही. एखादी बस सिग्नलला दोन मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसे जमतात. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला मात्र माणसे कमी मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येते. शेवटी दोघी एकमेकींना गाठतात. पुढची खच्चून भरलेली, मागची जवळजवळ रिकामी. न्यूवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ सालीच याचे गणित मांडले.

प्रवाशाचे नुकसान पाहा. दर दहा मिनिटांनी बस असेल, तर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच बस जोडीजोडीने वीस मिनिटांनी आल्या, तर सरासरी दहा मिनिटे. बस तितक्याच, डिझेल तितकेच, पण ताटकळणे दुप्पट. राखीव मार्गिका आणि झटपट चढ-उतार यांमुळे पहिला उशीरच टळतो आणि पुढची साखळी लांबते.

रिकामी दिसणारी मार्गिका

मोटारीत अडकलेल्या माणसाला शेजारची मोकळी मार्गिका खुपते. हिशेब करून पाहू. एका मार्गिकेतून दर दोन सेकंदाला एक मोटार गेली आणि निम्मा वेळ लाल दिवा धरला, तर तासाला नऊशे मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस, म्हणजे साडेतेराशे लोक. त्याच जागेतून दर मिनिटाला साठ प्रवाशांची एक बस गेली, तर छत्तीसशे लोक. मार्गिका बहुतेक वेळ रिकामी दिसते आणि तरीही दुपटीहून जास्त माणसे नेते.

पण हाच हिशेब उलटाही फिरतो. बस पाच मिनिटांनी येत असेल, तर तासाला सातशे वीसच माणसे जातात. मग चिडणाऱ्याचे म्हणणे खरे ठरते. पुरेशा बस नसतील, तर मार्गिका टिकत नाही. दिल्लीतला ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ साली सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. पुण्यातला हडपसरकडचा मार्ग टिकला नाही. नगर रस्त्यावरचाही अलीकडे काढण्यात आला. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र २०१५ पासून सांगवी-किवळे आणि इतर रस्त्यांवर बीआरटी सुरू झाली.

प्रकृतीचा संबंध

मेक्सिको सिटीत २००५ साली बीआरटी आली, तेव्हा प्रवाशांच्या श्वासात जाणारी हवा आधी आणि नंतर मोजली गेली. जुन्या मिनीबसच्या तुलनेत कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि सूक्ष्म धूलिकण बरेच कमी आढळले. कोंडीत उभे राहण्याचा वेळ घटला आणि बसही नव्या होत्या.

दुसरा फायदा चालण्याचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. खोलीपासून थांबा दहा मिनिटे, उतरून कचेरी पाच मिनिटे. जाऊन-येऊन अर्धा तास. पाच दिवस भरभर चाललात, तर दीडशे मिनिटे तिथेच पूर्ण.

धोका आहे तो रस्ता ओलांडण्याचा. मधल्या थांब्यावर जायला वाहनांच्या तीन मार्गिका, म्हणजे सुमारे साडेदहा मीटर पार करावे लागतात. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो. त्याला नऊ सेकंद पुरतात. गुडघे धरलेल्या माणसाचा वेग ०.८ मीटर असेल, तर तेरा सेकंद लागतात. हे चार सेकंद सिग्नलमध्ये नसतील, तर फलाट कितीही चांगला असो, आजी तिथवर पोहोचणारच नाही. म्हणून पादचाऱ्यांचा दिवा, उंचवट्याचे झेब्रा पट्टे आणि मार्गिकेत घुसणाऱ्या दुचाक्यांना अटकाव ही या व्यवस्थेची शोभा नव्हे, तिचा पाया आहे.

पुण्यात लेकराकडे जाणार असाल, तर एवढे लक्षात ठेवा. थांब्यावर सिग्नलच्या पट्ट्यांवरूनच जा, दुभाजक ओलांडू नका. बसच्या मार्गिकेत पाऊल टाकण्याआधी दोन्हीकडे पाहा. तिथे बस दोन्ही दिशांनी आणि वेगाने येतात. उतरल्यावर बस निघून जाऊ द्या, मगच वळा. आणि मुलाने गाडीचा हट्ट धरला, तर आधी विचारा : तुझ्या खोलीजवळून बस किती मिनिटांनी असते? उत्तर दहाच्या आत असेल, तर गाडीचे पैसे खुशाल मागे ठेवा.