विश्लेषण : क्लिक एका नावावर, खाते बंद दुसऱ्याचेच… असे का होते?

समजा, औषधाच्या दुकानातील संगणकावर उधारीची यादी उघडली आहे. दुकानदार 'नाव' या मथळ्यावर क्लिक करून यादी अक्षरक्रमाने लावतो, तिसरी ओळ निवडतो आणि 'खाते बंद' हे बटण दाबतो. बंद होते मात्र भलत्याच गिऱ्हाइकाचे खाते! जावा भाषेत लिहिलेल्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये ही चूक आजही सर्रास होते.

गोंधळ नेमका कुठे?

जावाच्या स्विंगमध्ये 'जेटेबल' हा घटक फक्त माहिती दाखवतो. खरी माहिती असते त्याच्या मागच्या 'मॉडेल'मध्ये. निवडलेली ओळ कोणती, हे 'गेटसिलेक्टेडरो' ही मेथड सांगते. पण तो क्रमांक पडद्यावरचा. मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसऱ्या ओळीचे उत्तर 2. यादी अक्षरक्रमाने लावली तरी मॉडेलमधला क्रम बदलत नाही, त्यामुळे तिथे 2 क्रमांकावर दुसराच कोणी बसलेला असतो. यादी उलटसुलट लावण्याची ही सोय 2006 मध्ये जावाच्या सहाव्या आवृत्तीबरोबर आली. पडद्यावरचा क्रमांक मॉडेलच्या क्रमांकात बदलून देणारी 'कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल' ही मेथडही तेव्हाच आली. उपाय एका ओळीचा आहे, पण ती ओळच लिहायची राहते.

चाचणीत चूक का सापडत नाही?

चाचणीसाठी चार-पाच नोंदी भरल्या जातात आणि मथळ्यावर कुणी क्लिक करत नाही. यादी मूळ क्रमात असेपर्यंत दोन्ही क्रमांक सारखेच असतात, त्यामुळे सगळे सुरळीत वाटते. क्रमांक न बदलता थेट टेबललाच मजकूर विचारला तर ओळ बरोबर मिळते. पण वापरणाऱ्याने स्तंभ ओढून मागे-पुढे केले असतील, तर खाते क्रमांकाऐवजी मोबाइल क्रमांक हाती पडू शकतो. ओळ निवडलेलीच नसेल, तर उत्तर येते -1. ते आधी तपासले नाही, तर एरर ठरलेला.

विंडोज फॉर्म्समध्ये काय?

तिथल्या 'डेटाग्रिडव्ह्यू'ला नोंदींची यादी जोडलेली असेल, तर निवडलेल्या ओळीच्या 'डेटाबाउंडआयटम'मधून ती नोंदच हाती येते. क्रमांकांचा घोळ टळतो. मात्र नेहमीच्या मांडणीत एखाद्या चौकटीवर क्लिक केल्याने पूर्ण ओळ निवडली जात नाही, आणि 'सिलेक्टेडरोज' रिकामे येते. नवशिक्यांचा निम्मा दिवस इथेच जातो.

'नक्की बंद करायचे?' असे विचारून भागते का?

नेहमीच नाही. विचारणारी चौकट नाव पडद्यावरून घेते आणि खाते मॉडेलमधून बंद होते, असे असेल तर दुकानदाराला बरोबर नाव दिसते आणि तो निर्धास्तपणे 'हो' म्हणतो. म्हणून आधी निवडलेली नोंद एकदाच हाती घ्यावी. चौकटीतले नाव आणि बंद करायचा खाते क्रमांक, दोन्ही तिच्यातूनच वाचावेत.