संस्था नेमकी कोणाची? एनजीओचा अर्थ आणि स्वरूप

मालेगाव तालुक्यातील मेडशी हे अकोला-वाशिम महामार्गावरील गाव. वाशिम जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा भागात शिक्षण, आरोग्य, पाणी, महिला सक्षमीकरण या नावाने काम करणाऱ्या संस्थांचा वावर असतोच. "आम्ही एनजीओकडून आलो आहोत, आधार कार्डाची झेरॉक्स द्या," असे कोणी म्हटले की आपली माणसे विश्वासाने कागद काढून देतात. कोणाला वाटते ही सरकारचीच माणसे, तर कोणाला वाटते हा परदेशी पैशाचा धंदा. हे दोन्ही समज अर्धवट माहितीवर उभे आहेत. म्हणून एनजीओ म्हणजे नेमके काय, हे आपण समजून घेतले पाहिजे.

एनजीओला मराठीत अशासकीय, बिगर सरकारी किंवा स्वयंसेवी संस्था म्हणतात. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत, कलम ७१ मध्ये, हा शब्द आला आणि पुढे जगभर रूढ झाला. शब्द नवा असला तरी काम जुने आहे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, तोही लोकांनी लोकांसाठी उभारलेला प्रयत्नच होता.

अशा संस्थेची चार लक्षणे सांगता येतील. ती लोकांनी स्वेच्छेने स्थापन केलेली असते. तिचा कारभार सरकार नव्हे, तर तिचे स्वतःचे मंडळ पाहते. तिचा हेतू सार्वजनिक हिताचा असतो. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे तिच्यातील शिल्लक कोणालाही वाटून घेता येत नाही. संस्थेला उत्पन्न असू शकते, कर्मचाऱ्यांना पगार देता येतो. मात्र वर्षाअखेर जे उरेल ते पुन्हा संस्थेच्या उद्देशासाठीच वापरावे लागते. सहकारी सोसायटी सभासदांना लाभांश देते, बचत गटातील पैसा गटातील महिलांचा असतो. म्हणून ही दोन्ही चांगली कामे असली तरी त्यांना एनजीओ म्हणता येत नाही.

नोंदणीचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला, संस्था नोंदणी अधिनियम १८६०. यासाठी किमान सात सभासद लागतात. दुसरा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, म्हणजे ट्रस्ट. तिसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. आपल्या राज्यात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला विश्वस्त कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. म्हणून अशा संस्थांच्या लेटरपॅडवर दोन क्रमांक दिसतात. त्यांपैकी एक 'एफ' अक्षराने सुरू होतो.

नोंदणी झाली म्हणजे संस्था प्रामाणिक ठरली, असे मात्र नाही. नोंदणी ही फक्त सुरुवात आहे. पदाधिकारी बदलले तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब नियमाप्रमाणे सादर करावे लागतात. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परदेशातून देणगी घ्यायची असेल तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. म्हणजेच अशासकीय याचा अर्थ कायद्याबाहेरचा असा होत नाही.

या बाबतीत बाबासाहेबांचा धडा आपल्यासमोर आहे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १८६० च्याच कायद्याखाली नोंदली गेली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि व्यवस्थापक मंडळाची धुरा बाबासाहेबांकडे होती. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. एवढ्या उंचीच्या माणसानेही काम एकट्याच्या नावावर न ठेवता घटना, पदे आणि नियम असलेल्या संस्थांच्या हाती दिले, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आज आपल्याकडे 'संस्था' म्हटले की लोक विचारतात, "कोणाची?" उत्तरात एखाद्या पुढाऱ्याचे नाव येते. अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, कोषाध्यक्ष सून. कायद्याच्या कागदावर सर्वसाधारण सभा असते, प्रत्यक्षात ती कधी भरतच नाही. इथेच एनजीओचा आत्मा हरवतो.

हा प्रश्न बाहेरच्या संस्थांपुरता नाही, आपल्या विहारापुरताही आहे. गावोगावी विहारे वर्गणी आणि श्रमदानातून उभी राहिली. जागा मात्र अनेकदा एखाद्या ज्येष्ठाच्या नावावर राहते. ते हयात असेपर्यंत अडचण येत नाही. त्यांच्यानंतर वारसांची नावे लागतात आणि अख्ख्या वस्तीच्या घामाची वास्तू एका घराची होऊन बसते. विनयाचा नियम याच्या अगदी उलट आहे. संघाचा विहार, विहाराची जमीन, मंच-पीठ या वस्तू कोणा एकाला देता येत नाहीत आणि आपसात वाटूनही घेता येत नाहीत. आजच्या विश्वस्त कायद्यामागची भावना याहून वेगळी नाही.

म्हणून मेडशी असो की दुसरे कोणतेही गाव, दारात आलेल्या संस्थेला हे पाच प्रश्न अवश्य विचारावेत. नोंदणी क्रमांक काय? उद्देश कोणते? कार्यकारी मंडळात कोण आहेत? मागील वर्षाचा हिशेब दाखवता का? आमची कागदपत्रे कशासाठी हवीत? नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर अनेक संस्थांची माहिती मोबाइलवर पाहता येते. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून नोंदणीचे कागद पाहता येतात, नकलाही मिळतात. देणगी दिली तर पावती मागावी. आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देऊ नये. खरी संस्था या प्रश्नांवर रागावत नाही, उलट फाइल उघडून समोर ठेवते.

हेच पाच प्रश्न आपल्या विहार समितीलाही विचारले पाहिजेत. जागेची नोंद कोणाच्या नावावर आहे, हे तरुणांनी ग्रामपंचायतीत जाऊन पाहावे. समिती नोंदलेली नसेल तर ज्येष्ठांना सोबत घेऊन नोंदवावी. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च विहाराच्या फलकावर लावावा. ज्या दिवशी "संस्था कोणाची?" या प्रश्नावर गाव एकमुखाने "आपल्या सगळ्यांची" म्हणेल आणि कागदही तेच सांगेल, त्या दिवशी एनजीओचा अर्थ आपल्याला खऱ्या अर्थाने कळला, असे म्हणता येईल.