डोळे मिटले म्हणजे झोप लागली असे नाही

माझ्या खालाला तीन वर्षांपूर्वी एका मानसोपचार वॉर्डात अकरा दिवस ठेवावे लागले. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. तिथल्याच माणसांनी तिला सावरले, हेही खरे. पण त्या रात्रींचे एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तासातासाला सिस्टर टॉर्च घेऊन यायच्या, प्रत्येक खाटेवर उजेड टाकायच्या आणि रजिस्टरमध्ये लिहायच्या, 'झोपलेली'. खाला भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, मनातल्या मनात तस्बीह पढत जागीच असायची. सकाळी राउंडला डॉक्टरांनी विचारले, रात्र कशी गेली? रजिस्टर म्हणाले, छान. खाला म्हणाली, "बेटा, पाच रात्री डोळ्याला डोळा नाही." डॉक्टरांचा विश्वास रजिस्टरवर बसला.

यंदा ईदच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी मीरा रोडला आमच्या घरी शीरखुर्मा प्यायला आली. आठवीत माझ्या वर्गात होती. पुढे जीएनएम केले, दोन वर्षे वॉर्डात काढली आणि आता मानसोपचार परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करते आहे. तिला ही हकिकत सांगितली, तर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "टीचर, मीसुद्धा असेच लिहीत होते. पेशंट हलला नाही, की झोपलेला."

आपल्याकडे मानसिक आजारांच्या परिचर्येचे खास शिक्षण नवे नाही. बंगळुरूला 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. तिचेच 1974 मध्ये निम्हान्स झाले आणि तिथे परिचारिकांसाठीची पदविका पन्नासच्या दशकापासूनच आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. आपल्या मीरा-भाईंदरला जवळचे ठाण्याचे, 1901 सालचे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची वेगळी व्याख्याही आहे. पण व्याख्या कागदावर राहते. रात्री दोन वाजता खाटेजवळ उभी राहते ती सिस्टर. डॉक्टर झोपेचे औषध लिहून घरी जातात. ते औषध लागू पडले की नाही, हे बघणारे डोळे तिचेच. म्हणून झोपेचे शिक्षण सर्वांत आधी तिला हवे, असे मला वाटते.

काय शिकायचे असते, हे मी तिला खोदून खोदून विचारले. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

पहिली गोष्ट म्हणजे झोप न लागणे आणि झोपेची गरजच न वाटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंतेने जागा राहिलेला माणूस सकाळी गळून गेलेला असतो. उन्माद चढू लागलेला माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो, भराभर बोलतो, नवनवे बेत आखतो. रजिस्टरमध्ये दोघांपुढे 'झोप कमी' एवढेच लिहिले, तर दुसऱ्याचा आजार वाढतो आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. नैराश्यात माणूस पहाटे नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जागा होतो आणि तीच वेळ त्याला सर्वांत जड जाते.

आणखी एक मला अजिबात माहीत नव्हते. मानसिक आजाराच्या काही औषधांनी पायांत विलक्षण अस्वस्थता येते. माणूस एका जागी बसू शकत नाही, रात्रभर येरझाऱ्या घालतो. नवख्या सिस्टरला वाटते झोप येत नाही, किंवा मुद्दाम त्रास देतो आहे. खरे तर तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि तो डॉक्टरांना त्याच रात्री कळवायला हवा. काही औषधांनी वजन वाढते, वजनाने घोरणे वाढते आणि झोपेत श्वास अडकू लागतो. अशा माणसाला वरून झोपेची गोळी दिली, तर श्वास आणखी बिघडू शकतो. आपल्या घरात जो मोठ्याने घोरतो त्याला आपण 'गाढ झोपलाय' म्हणतो!

गोळीशिवायचा उपचारही परिचारिकेला शिकता येतो. झोप आल्यावरच अंथरुणावर जायचे, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचे, अंथरुणात मोबाइल नाही, हिशेब नाही, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. ही पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडली. तिला जोडून अंथरुणातला एकूण वेळच कमी करण्याची रीत पुढे आली. ब्रिटनमध्ये 642 प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात ही रीत दवाखान्यांतल्या साध्या परिचारिकांनी राबवली. त्या झोपेच्या तज्ज्ञ नव्हत्या, त्यांना थोडे प्रशिक्षण दिले होते. नुसती सूचनांची पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या रुग्णांचा निद्रानाश सहा महिन्यांनी कमी होता. 2023 मध्ये 'लॅन्सेट'ने तो छापला. मात्र ज्याला उन्मादाचा आजार आहे किंवा फिट येतात, त्याची झोप अशी तोडणे धोक्याचे. ते परिचारिकेने मनाने करायचे नसते, आपणही घरी करू नये.

मग टॉर्चचे काय? मी जरा रागानेच विचारले. तिने शांतपणे उत्तर दिले. जीव द्यायची भीती असलेल्या रुग्णाकडे रात्रभर लक्ष ठेवावेच लागते, तिथे तडजोड नाही. पण उजेड तोंडावर कशाला, जमिनीवर मारूनही श्वास मोजता येतो. चपला वाजवायच्या नाहीत, स्टेशनजवळ गप्पा नाहीत, धोका नसलेल्याचे ब्लडप्रेशर पहाटे चारलाच घ्यायचे कारण नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या आपल्या पुस्तकात आवाजावर एक आख्खे प्रकरण लिहिले आहे. पहिल्या झोपेतून रुग्णाला उठवू नये, हे तिने तेव्हाच बजावले होते. (स्टेशन म्हणजे सिस्टरांचे टेबल, हे मला विचारावे लागले. मीरा रोडला राहणाऱ्या माणसाला स्टेशन एकच.)

आपल्या घरांचा प्रश्न थोडा वेगळाही आहे. पहाटे पाचला उठून बसलेली मुस्लिम बाई ही नैराश्याने जागी झाली की फजरसाठी उठली, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारणारी सिस्टर हवी आणि सांगणारे आपण हवे. मुंबईत सूर्योदय जूनमध्ये सहाच्या सुमारास, तर जानेवारीत सव्वासातच्या आसपास होतो, त्यामुळे फजरसाठी उठायची वेळही सरकत जाते. रमजानमध्ये तरावीह आणि सेहरी यांच्यामध्ये झोपेचे तुकडे होतात. उन्मादाचा आजार असलेल्याला झोप तुटणेच आजार उलटायला पुरेसे ठरू शकते आणि लिथियमच्या गोळ्या चालू असताना दिवसभर पाणी न पिणे धोक्याचे असते. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे. तरी घरातलेच टोमणे मारतात, म्हणून तो गोळ्या लपवून बंद करतो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारले, तर यातले बरेच टळते.

दुसरे म्हणजे शेजारणीने दिलेली गोळी. अल्प्राझोलाम औषध नियमांच्या एच-1 यादीत आहे. दुकानदाराला चिठ्ठीची नोंद ठेवावी लागते, ती उगाच नव्हे. सवय लागते, म्हातारी माणसे रात्री पडतात, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचे असेल, तर 14416 हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

निघताना तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. झोपेच्या डायरीचा इंग्रजी तक्ता. "टीचर, हा मराठीत आणि उर्दूत करून द्याल? आमच्या पेशंटना वाचता येत नाही." मी त्याच रात्री बसले. किती वाजता अंथरुणात, किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग, शेवटचा चहा कधी, दुपारचा कैलूला किती. 'सकाळी अखेरची जाग' या रकान्याशेजारी मी एक रकाना वाढवला : फजरनंतर पुन्हा झोपलात का? पहिली प्रत खालाला दिली. तिने चष्मा लावून सगळे रकाने भरले आणि खाली उर्दूत लिहिले की रात्री अडीचला कुत्री फार भुंकतात, त्याचाही रकाना हवा होता.