झाकलं कॉकपिट सव्वा लाखाचं!

प्लास्टिकची विमानं जोडणाऱ्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो? पंखांत नाही, रंगकामातही नाही. तो जातो वैमानिक बसतो त्या कॉकपिटमध्ये. धडाचे दोन अर्धे भाग एकदा चिकटवले की जे जेमतेम डोकावून दिसतं, नेमक्या त्याच जागी! बरं, किटच्या खोक्यात कॉकपिट आयतं मिळतं. तरी काही मंडळी ते बाजूला सारतात आणि खुर्ची, पट्टे, लीव्हर, नळ्या, तारा असं सगळं स्वतःच्या हातांनी घडवतात. या उद्योगाला म्हणतात स्क्रॅचबिल्डिंग. मॉडेल जितकं मोठं, तितकं हे वेडही मोठं, कारण १:३२ किंवा १:२४ मापाच्या विमानात आतली लबाडी लगेच उघडी पडते. या छोट्याशा खोपटातल्या काही भन्नाट गोष्टी ऐका.

फुटात मोजा, इंचात बनवा

१:७२, १:४८, १:२४ हे आकडे विचित्र वाटतात ना? फूट-इंचात बघा, लगेच उलगडा होतो. १:७२ मध्ये सहा फूट म्हणजे एक इंच, १:४८ मध्ये चार फुटांचा एक इंच आणि १:२४ मध्ये दोन फुटांचा. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या गाजलेल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा होता ११.२३ मीटर. १:७२ मध्ये तो साडेपंधरा सेंटिमीटर होतो, १:३२ मध्ये ३५ आणि १:२४ मध्ये जवळपास ४७. अमेरिकी बी-१७ बॉम्बर १:३२ मध्ये बनवायला घेतलं, तर पंख जवळजवळ एक मीटरचे होतात. ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न घरातल्या वरिष्ठांशी आधीच मिटवलेला बरा.

केसाचा हिशोब

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. १:३२ च्या जगात तो होतो सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे अगदी खऱ्या विजेच्या तारेएवढा. याउलट किटच्या प्लास्टिकची भिंत एक मिलिमीटरची असली, तरी त्या मापात ती ३२ मिलिमीटर ठरते. खऱ्या स्पिटफायरचा पत्रा बहुतेक ठिकाणी अर्धा ते सव्वा मिलिमीटरचा होता! म्हणून दाराच्या आणि काचेच्या कडा आतून तासून तासून पातळ केल्या जातात. या मापाला चपखल बसणारा पत्रा स्वयंपाकघरातच असतो. पोळ्या गुंडाळायचं अॅल्युमिनियम फॉइल मापात मोजलं तर साधारण अर्धा मिलिमीटर भरतं.

ज्याला जमीनच नाही

स्पिटफायरच्या कॉकपिटला सलग तळ नव्हता. वैमानिकाच्या टाचांसाठी दोन अरुंद पट्ट्या, आणि त्यांच्या आजूबाजूला थेट विमानाचं पोट. हातातली पेन्सिल निसटली की गेली खालच्या अंधारात. मॉडेल करणाऱ्याला मात्र हा अंधार महागात पडतो, कारण तिथल्या केबल आणि नळ्याही वरून दिसतात. कॉकपिट इतकं अरुंद होतं की कंट्रोल स्टिक अख्खी डावी-उजवीकडे हलवायला जागाच नव्हती, म्हणून तिचा फक्त वरचा भाग बाजूला झुकत असे. रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलना दोन पायऱ्या होत्या. जोराचं वळण घेताना पाय वरच्या पायरीवर ठेवले की डोक्यातलं रक्त खाली उतरायला थोडा उशीर लागतो आणि डोळ्यांपुढची अंधारीही लांबणीवर पडते. ही दुसरी पायरी गाळली की जाणकार लगेच विचारतात, ‘वैमानिकाला चक्कर आणायची आहे का?’

एकच लीव्हर, दोनच उत्तरं

स्पिटफायरच्या उपकरणांच्या पॅनलवर वर डावीकडे फ्लॅपचा, म्हणजे पंखांमागच्या झडपांचा, लीव्हर असे. त्याला दोनच गोष्टी माहीत होत्या: फ्लॅप पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. मधलं काही नाही. १९४२ मध्ये माल्टा बेटाला विमानं पोचवायची होती आणि उड्डाण करायचं होतं ‘वॉस्प’ या विमानवाहू जहाजाच्या आखूड धावपट्टीवरून. त्यासाठी फ्लॅप अर्धवट खाली हवेत. मग काय, फ्लॅपमध्ये चक्क लाकडाच्या पाचरी अडकवल्या! हवेत गेल्यावर वैमानिकाने फ्लॅप पूर्ण खाली करायचे, पाचरी समुद्रात पडायच्या आणि मग फ्लॅप वर. मॉडेलमध्ये हा लीव्हर तीन-चार मिलिमीटरचा तुकडा असतो, पण त्यामागे एवढी कथा आहे.

खरचटलं तर आत काय?

रंग उडालेला दाखवायला चंदेरी पेन्सिल फिरवणं ही सगळ्यांची आवडती युक्ती. पण सांभाळून! अमेरिकी मस्टँग पी-५१ या लढाऊ विमानाच्या कॉकपिटचा तळ प्लायवूडचा होता, वर काळा रंग. तिथे बूट घासले की लाकूड दिसेल, चांदी नाही. ब्रिटिश मॉस्किटो तर प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचंच विमान होतं. त्याच्या धडावर चंदेरी ओरखडे काढणं म्हणजे लाकडी पाटाला गंज लागल्याचं दाखवणं. स्पिटफायरची खुर्चीही बऱ्याचदा धातूची नसे. राळेत भिजवलेल्या कागदाचे थर दाबून ती बनवलेली असे, आणि तिचा रंग तांबूस तपकिरी. जपानी झीरोची खुर्ची मात्र पत्र्याचीच, पण वजन वाचवण्यासाठी तिला भोकंच भोकं पाडलेली. १:३२ मध्ये ती सगळी भोकं बारीक ड्रिलने एकेक करून पाडायची. ज्याचा हात थरथरतो, त्याने झीरोच्या वाटेला जाऊ नये.

पिवळी नळी, काचेचा तुकडा

जर्मन विमानांत नळ्यांना ठरलेले रंग होते: इंधनाला पिवळा, तेलाला तपकिरी, ऑक्सिजनला निळा. मेसरश्मिट बीएफ १०९ च्या नंतरच्या आवृत्त्यांत कॉकपिटच्या उजव्या बाजूने इंधनाची पिवळी नळी जाते आणि तिचा एक छोटा तुकडा काचेचा असतो. पोटाखालच्या जादा टाकीतून इंधन वाहतंय की संपलं, हे वैमानिकाला नुसतं नजर टाकून कळावं, एवढाच हेतू. मॉडेलमध्ये त्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा बारीकसा तुकडा बसवतात. तो दिसला की करणाऱ्याने पुस्तकं चाळलीत, हे पाहणाऱ्याला कळतं.

ओझरच्या विमानातली पांढरी रेघ

मिग-२१ या लढाऊ विमानाचं आणि आपलं नातं जुनं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६०च्या दशकापासून ही विमानं तयार झाली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला भारतीय वायुसेनेने त्यांना निरोप दिला. मिग-२१ च्या कॉकपिटमध्ये पॅनलच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. ती शोभेसाठी नाही. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं की डोकं गरगरतं आणि स्टिक नक्की मध्यावर आहे का, ते कळेनासं होतं. अशा वेळी स्टिक सरळ त्या रेघेच्या दिशेने ढकलायची. नंतरच्या अनेक मिग-२१ ची कॉकपिट आतून मोरपिशीकडे झुकणाऱ्या हिरव्या-निळ्या रंगाची असतात. हा रंग डोळ्यांना कमी शिणवतो, असं मानलं जाई. मॉडेलवाल्यांचे मात्र नेमक्या त्या छटेवरून वाद होतात आणि डोळे त्यातच शिणतात.

वेताची खुर्ची आणि एरंडेल

पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलमध्ये वैमानिक वेताच्या खुर्चीत बसत असे. कारण सरळ आहे, वेत हलका. १:३२ मध्ये ती खुर्ची करायची तर बारीक तारेचा सांगाडा उभा करून त्यात दोरा विणावा लागतो, आणि तोही बुरुडासारखा एक सोडून एक. शिवाय कॅमलच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेल घालत. ते मागे उडून वैमानिकाच्या तोंडावर यायचं आणि पोटात गेलं की पुढचं सांगायला नको. म्हणून चोखंदळ कारागीर धडाच्या पुढच्या भागावर तेलकट तपकिरी ओघळ दाखवतातच. याच युद्धातल्या विमानांची १:३२ मापातली देखणी किटं न्यूझीलंडच्या विंगनट विंग्ज कंपनीने २००९ पासून काढली. तिच्यामागे होता ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दिग्दर्शक पीटर जॅक्सन. २०२० मध्ये कंपनी बंद पडली.

भंगारातला खजिना

या छंदाचं अर्धं सामान तुमच्या घरात टाकून दिलेलं असतं:

• स्प्रू: किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात, ती. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवत मऊ करा आणि दोन्ही टोकं अलगद ओढा. एकतारी पाकासारखी बारीक तार निघते. तीच वायर, तीच एरियल.

• बिघडलेले इअरफोन: आतली तांब्याची तार पट्ट्यांच्या बकलांसाठी. टाचणीभोवती गुंडाळली की बकल तयार.

• गोळ्यांची रिकामी पाकिटं: पारदर्शक फुगे दिव्यांच्या भिंगांसाठी.

• मास्किंग टेप: खुर्चीचे पट्टे. खरा पट्टा दोन इंच रुंद धरला, तर १:३२ मध्ये तो १.६ मिलिमीटर. नवी करकरीत ब्लेड घ्या.

• इंजेक्शनची सुई (न वापरलेली!): बंदुकीच्या नळ्या आणि धातूच्या बारीक नळ्यांसाठी.

• पांढरा गोंद: वाळला की पारदर्शक होतो. उपकरणाच्या तबकडीवर एक थेंब टाकला की झाली काच.

अडीच मिलिमीटरची तबकडी

विमानातल्या घड्याळासारख्या उपकरणांचं प्रचलित माप आहे सव्वातीन इंचांच्या आतबाहेर. १:३२ मध्ये ते होतं अडीच मिलिमीटर. त्यात आकडे, काटा आणि वर काच! ब्रिटिश विमानांत सहा महत्त्वाची उपकरणं एकाच चौकटीत, ठरलेल्या जागी बसवलेली असत: वेग, क्षितिज, चढ-उताराचा वेग, उंची, दिशा आणि वळण. वैमानिक एका विमानातून दुसऱ्यात गेला तरी त्याची नजर चुकू नये म्हणून. मॉडेल करणाऱ्यालाही याचा फायदा होतो, कारण एक चौकट जमली की अनेक विमानांत चालते. तबकड्या शुद्ध काळ्या रंगात रंगवू नका. गडद करडा घ्या. एवढ्या छोट्या मापात काळा रंग भोकासारखा दिसतो.

लाल पहारीचं बंड

स्पिटफायरच्या छोट्या दारावर एक पहार अडकवलेली असे. छत अडकलं तर फोडून बाहेर पडायला. आज संग्रहालयांत आणि हवाई कसरतींत दिसणाऱ्या विमानांत ती लालभडक असते, म्हणून मॉडेलमध्येही लालच रंगवली जाते. युद्धकाळातल्या पहारी मात्र सहसा अशा रंगवलेल्या नसत. लाल हा नंतरच्या डागडुजीचा प्रताप. म्हणून पुन्हा उडवलेल्या विमानाच्या फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, त्यात आजचा रेडिओसुद्धा बसवलेला असतो. त्या काळी वैमानिकांना दिलेल्या माहितीपुस्तिका आणि युद्धकाळातले कृष्णधवल फोटो जास्त खरं बोलतात.

नाकात शिसं

ज्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं, त्यांची मॉडेलं हमखास शेपटीवर बसतात. खऱ्या विमानात पुढे जड सामान असतं, मॉडेलमध्ये असते हवा. उपाय एकच: मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिसं पॅनलच्या मागे, नाकात कोंबायचं. हे काम धड चिकटवण्याआधी करायचं असतं. आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, त्यात गंमत नाही.

आत काहीच नसलेली पाच लाख विमानं

१९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं मागवली. माप १:७२, रंग काळा, आत भरीव लाकूड. सैनिकांना नुसत्या आकारावरून शत्रू-मित्र ओळखता यावा, यासाठी. या मापाचं मॉडेल दहा मीटरवर धरलं की ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. म्हणजे लांबून बघायचं असेल तर आतलं काही लागत नाही. उलटं टोक सिनेमात सापडतं. ‘स्टार वॉर्स’च्या १९७७च्या चित्रपटासाठी रणगाडे-विमानांच्या किटांचे सुटे भाग चिकटवून अंतराळयानांच्या अंगावर बारकावे उभे केले गेले, आणि पडद्यावर ती यानं अवाढव्य वाटली.

मग करायचं काय?

सगळंच करायच्या फंदात पडू नका. उघड्या छतातून आधी दिसतात ते खुर्चीचे पट्टे, मग खुर्ची, मग पॅनलचा वरचा भाग. तिथे जीव ओता. टाचांखालच्या केबलकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, ती फक्त हौसेपोटी करा. पहिल्यांदा हात घालत असाल, तर किटमधलं कॉकपिट तसंच ठेवून नुसते पट्टे करून बघा. मास्किंग टेप आणि इअरफोनची तार एवढ्यावर भागतं. आणि धड चिकटवण्याआधी फोटो काढून ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण नंतर कुणी पुरावा मागितला तर दाखवायला तेवढाच उरतो.